गच्चीवरची हिरवी साडी

गुढीपाडवा, संध्याकाळ. मालवीय नगर, जयपूर

हे ड्यूटीवर, म्हणजे सुट्टी माझी आणि दीड वर्षाच्या चिनूची. दोघींनीच गच्चीवर गुढी उभारली. चिनू दिवसभर साखरेची गाठी चोखत होती.

दुपारी वारा सुटला आणि बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या आंटी. हातात तांब्या आणि घडी घातलेली माझी हिरवी साडी. "भाभीजी, आंधी आ रही है, साड़ी उड़ जाती." त्यांना वाटलं, वाळत घातलीय. सांगणार होते, पण कुठून सुरुवात करायची? नुसतं थँक्यू म्हटलं आणि दार लावलं.

इथे आल्यापासून पहिल्यांदाच कुणी आमच्या दाराशी आलं होतं. आत का बोलावलं नाही मी? साडी तशीच घडीत पडलीय. चिनू अजून दाराशी उभी आहे, अर्धी गाठी पुढे करून.