सतरा नंबरची दोन शेकरं

सातारा,
ता. ११ फेब्रुवारी १९६३

ती. आक्कास हिंदूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचायच्या आधी खाली बस. तुझ्या भावाला शेकरू मिळालं! जिवंत नव्हे, चित्रातलं. महिनाभर तुला कळवलं नाही, कारण तू हसशील ही भीती. महाबळेश्वरला एका जुन्या बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं. लोक कपबशा नि आरसे बघत होते, आणि मी जिन्याखाली धूळ खात पडलेल्या एका चौकटीपुढं गुडघे टेकून! जांभळीच्या फांदीवर शेकरू बसलंय, अंगावरचा केस न् केस मोजावा असं. खाली शिसपेन्सिलीनं इंग्रजी आकड्यांत १७/५० आणि ‘रसूल’ अशी सही. म्हणजे छाप काढले पन्नासच, आणि त्यातला हा सतरावा. शाळेत पोरांना केळं नि तांब्या काढायला शिकवणारा मी ड्रॉइंग मास्तर. पण माझ्या भिंतीवर आता गवा, बिबट्या, धनेश धरून बारा चित्रं झाली. तुझी भावजय म्हणते, या घरात माणसांपेक्षा जनावरांची सोय जास्त आहे.

आता दुखणं सांगतो. एप्रिलात इथल्या वाचनालयात माझ्या चित्रांचं प्रदर्शन ठरलंय. पुण्याच्या एका जाणकारांना शेकराचा फोटो पाठवला, तर त्यांनी उलट टपाली कळवलं की रसूल नावाचा चित्रकार कधी झालाच नाही. कुणीतरी विलायती पुस्तकातलं चित्र यंत्रावर छापून खाली नाव खरडलंय. वाचनालयाचे चिटणीस म्हणतात, खात्री पटवा, नाहीतर प्रदर्शन विसरा. आक्का, असा हात ज्याचा, तो माणूस झालाच नाही?

तुमच्या सांगलीत डॉक्टर आप्पासाहेबांच्या दवाखान्यात असंच शेकरू टांगलंय म्हणे. जाऊन नंबर तेवढा बघून ये. तुझ्या मायेवर माझा भरवसा आहे, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
हिंदुराव

सांगली,
ता. १७ फेब्रुवारी १९६३

चि. हिंदूस आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या शेकरापायी मी तीन दिवस कडू औषध घेते आहे. आजारी नसताना दवाखान्यात कशी शिरू? पोटदुखी सांगितली. चित्र नेमकं डॉक्टरांच्या खुर्चीमागं. ते म्हणाले जीभ दाखवा. मी जीभ बाहेर काढली आणि त्यांच्या खांद्यावरून नंबर वाचत राहिले. वाचता येईना म्हणून डोळे बारीक केले, मान वाकडी केली. डॉक्टरांनी घाबरून विचारलं की बाई, हे असं कधीपासून होतंय? पोटाच्या औषधावर डोळ्यांचं औषधही लिहून दिलं. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका मी. दारातल्या बाकावर माझ्याच दोन विद्यार्थिनी बसलेल्या. विचार कर.

नंबर वाचलाच पण. आणि हिंदू, तेही सतराच आहे. १७/५०, सही रसूल. आता दोन सतरा कसे? एक तर तुझं खोटं, नाहीतर त्यांचं, नाहीतर ते पुण्याचे गृहस्थ खरे. जेवण सोडू नकोस. मुलांना पापे.

तुझी,
आक्का

सातारा,
ता. २० फेब्रुवारी १९६३

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना चहा सदऱ्यावर सांडला, आणि तो पुसायचं सोडून मी भिंग शोधत होतो. ऐक. यंत्रावर छापलेलं चित्र भिंगाखाली धरलं की एकसारख्या टिंबांच्या रांगा दिसतात, पेरणी केल्यासारख्या. दगडावर तेलकट खडूनं चित्र काढून त्यावरून कागदावर घेतलेल्या छापात मात्र वाळू सांडल्यासारखे वेडेवाकडे कण दिसतात. माझ्या शेकरात कण आहेत! वरचा रंगही ब्रशनं हाती भरलेला. कानापाशी ब्रशाचा एक केस चिकटून राहिलाय. तेव्हा भिंग घेऊन पुन्हा जा. या वेळी दुखणं कुठलं सांगायचं ते तूच ठरव.

तुझ्या जिवावर उड्या मारणारा,
हिंदुराव

सांगली,
ता. ४ मार्च १९६३

चि. हिंदूस आक्काचे उदंड आशीर्वाद.

भिंतीला टेक आणि मग वाच. मी डॉक्टरांना सगळं खरं सांगून टाकलं. ते इतके हसले की कंपाउंडर धावत आला. मग स्वतःच स्टुलावर चढून, नळी गळ्यात तशीच ठेवून, भिंग लावून बघू लागले. त्यांच्याही शेकरात कण! उतरताना म्हणाले की हे चित्र त्यांच्या वडिलांनी आष्ट्याहून आणलं होतं. मग काय, काल रविवारी त्यांच्या मोटारीतून आष्टा गाठलं. बाजारात रसूल विचारलं, तर पोस्टमननं थेट दाराशी नेऊन सोडलं.

हिंदू, रसूलमिया आहेत! बहात्तर वर्षांचे. दुकानांच्या पाट्या रंगवतात. डॉक्टरांचं चित्र हातात घेतलं. अंगठा नुसता शेपटीवरून फिरवत राहिले. मग ट्रंकेतून वही काढली. पानोपानी शेकराचे पंजे, कान, दात. महाबळेश्वरला महिनाभर झाडाखाली बसून काढलेले. जंगलखात्याच्या एका साहेबानं पन्नास छाप सांगितले होते. ते झाल्यावर, पुन्हा छाप निघू नये म्हणून, यांनी दगड घासून कोरा केला.

मी दोन सतरांची गोष्ट काढली आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले की आवं बाई, एक्कावन्नावा कागद म्या काढला न्हाई, तसं केलं आसंल तर ह्यो हात झडू दे. मला वाटलं, कुठून विचारलं! इतक्यात त्यांची बायको रशीदाबी शिरखुर्म्याच्या वाट्या घेऊन आली. ईद होऊन आठवडा झाला होता, पण पाहुण्यांसाठी तिनं पुन्हा केला. सतरा ऐकताच ती पदरात तोंड घालून हसायला लागली, ती थांबेचना. यांना इंग्रजी आकडे येत नव्हते. ही चौथी शिकलेली, म्हणून नंबर सगळे हिनं घातले. सतरा लिहिला आणि चुलीवर दूध उतू गेलं. पळत जाऊन आली, नि पुढच्या कागदावर पुन्हा सतरा! शेवटच्या कागदावर एकोणपन्नास आला तेव्हा तिच्या ध्यानात आलं. कागद पन्नासच, पण पन्नास आकड्याचा एकही नाही. साहेबाच्या भीतीनं तीस वर्षं नवऱ्यालाही बोलली नाही.

रसूलमिया रागावले ते वाटी संपेपर्यंत. मग असे हसले की चष्मा मांडीवर पडला. वही घेऊन दोघंही प्रदर्शनाला येणार आहेत. माझ्या मुलींच्या परीक्षा आहेत, मला जमणार नाही, म्हणून आतापासून जळते आहे. सगळं बारकाईनं लिही.

तुझी,
आक्का

सातारा,
ता. १६ एप्रिल १९६३

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तू हवी होतीस! डॉक्टर रसूलमिया नि रशीदाबी दोघांना घेऊन आले. दोन्ही सतरा शेजारी शेजारी टांगले, मधे वही. पुण्याचे जाणकार आले, भिंगातून पाऊण तास बघत बसले, मग वही चाळली. माणूस मोठा निघाला. सगळ्यांसमोर रसूलमियांचे दोन्ही हात धरून म्हणाले की मी तुम्हाला नाहीसंच करून टाकलं होतं, माफ करा, आता वर्तमानपत्रात तुमच्याबद्दल मीच लिहितो. रशीदाबी ताठ बसून होती, पण डोळे पुसायला तिला पदर पुरला नाही.

खरी मजा दुसऱ्या दिवशी. रसूलमियांनी तीस वर्षांत शेकरू पाहिलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी मोटार महाबळेश्वरला काढली. आम्ही चौघं झाडीत माना वर करून तासभर उभे. एकदम फांदी हलली आणि शेकरू या झाडावरून त्या झाडावर झेपावलं, शेपूट मागं लांब सोडून. रसूलमियांनी वही उघडलीच नाही. माझा दंड आवळून ओरडले की मास्तर, शेपूट चुकलं रं माजं! टोकाला किती फिकं हाय बगा, आन् म्या गडद रंगवलं! मी म्हणालो, असू द्या, आता सगळ्यांची खात्री पटली आहे. तर म्हणाले की लोकांची पटली, पर शेकराची न्हाई पटली न्हवं. पुन्यांदा काढतो.

आक्का, बहात्तर वर्षांचा माणूस मोटारीपर्यंत अक्षरशः उडत गेला. त्यांना आता छापायचा दगड हवा आहे. बंद पडलेल्या छापखान्यांचे असले गुळगुळीत दगड लोकांनी धुणं धुवायला नेलेत म्हणे. तेव्हा परीक्षा आटोपताच सांगलीतल्या मोऱ्या तपासायला लाग. कुणाच्या घरी शिरायला काय निमित्त काढायचं, ते तुला सांगायला नको.

माया आहे तशीच ठेव, जास्त झाली तर तक्रार नाही.

तुझा,
हिंदुराव