मिसरी सोडली, माय

माय, मी मिसरी सोडली. आठ महिने झाले. तू असतीस तर विश्वास ठेवला नसतास, कारण सकाळी मिसरी लावायला बसलं की तासभर न उठणाऱ्या बायांत आपण दोघी पहिल्या.

बारा वर्षांची होते मी. कडा कारखान्याकडं ऊस तोडायला गेलो होतो आणि माझी दाढ ठणकत होती. पाचटाच्या कोपीत चूल पेटवता पेटवता तू माझ्या हिरडीला चिमूटभर मिसरी लावलीस. "दाबून धर, थांबंल." थांबली. मग तीस वर्षं मी ती सोडलीच नाही. गेल्या वर्षी बीडच्या डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा डाग दाखवला. "आजपासून बंद," म्हणाले. एसटीत घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तुलाच शिव्या देत होते.

पहिला आठवडा लई वाईट गेला. शाळेत पोरांची खिचडी शिजवते मी. तिच्यात दोनदा मीठ टाकलं आणि वर पोरांवरच खेकसले. दवाखान्यातल्या नर्सताईंनी सांगितलं, तलफ आली की न मागता मिळालेल्या तीन गोष्टी मोठ्यानं बोलायच्या.

"कुणापुढं बोलू ताई? लाज वाटती."

"मग म्हशीपुढं बोला."

बोलले. नळाला पाणी आलं, मोगऱ्याला कळी आली, सासूबाईंनी आज टोमणा मारला न्हाई. म्हैस रवंथ करत राहिली. नवरा गोठ्याच्या दारात येऊन उभा. "म्हशीचे आभार मानायलीस का?" हसता हसता तलफ कुठल्या कुठं गेली.

एका सकाळी तिसरी गोष्ट सुचेना, आणि तोंडातून तूच निघालीस. उसाच्या फडात मी तुझा कोयता उचललाय. तू हातावर फटका मारतेस, कोयता हिसकावून घेतेस. "ह्याला पुन्यांदा शिवलीस तर बघ. तू पाटी धरायची." दुसऱ्याच दिवशी तू मला सिरसाळ्याला मावशीकडं शाळेत धाडलंस. मी रुसून मागं वळूनही पाहिलं नाही. ते आठवलं आणि गोठ्यातच रडू आलं, पण नंतर इतकं निवांत वाटलं! दाढ दुखणाऱ्या लेकीला तुझ्याजवळ जे होतं ते तू दिलंस. त्याचा राग काय धरायचा?

परवा डॉक्टर म्हणाले, डाग फिकट पडलाय. येताना मी सगळ्यांना गरम जिलेबी आणली, सासूबाईंना जरा जास्तच.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून लिहिते. भाचीच्या हळदीला चिमूटभर मिसरी लावली होती, एकदाच. नर्सताईंना बोलले नाही.