मूल्यमापन, पंचनामा आणि दाजींचा कोंबडा

सोनईच्या अलीकडची वाडी,
मंगळवार, दुपारचं जेवण उरकून

आदरणीय दाजी जस्टिनराव यांच्या चरणी धाकटा मेहुणा कृपादान याचा दोन्ही हातांनी सलाम.

प्रभूच्या दयेने आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा, तुमचे गॅसेस आणि मरियाआक्काची साखर ही तिन्ही आपापल्या जागी शांत असावीत अशी माझी रोजची प्रार्थना असते. (या खेपेला तिच्यात माझा स्वार्थही आहे, तो पुढे कळेल.) आक्काच्या हातच्या कालवणाला अजून नावं ठेवता का? ठेवत असालच. लग्न झाल्यापासूनचा नेम एकाएकी कसा मोडेल? गेल्या हंगामाच्या सणाला (नव्या पिकाच्या अर्पणाला) आमच्याकडे एकटेच आला होतात तेव्हा तुमच्या पायात जो काटा गेला (आपण त्याला काटाच म्हणू), त्याची जागा आता दुखत नाही ना? फोनवर विचारलं असतं, पण त्या काट्याचं नाव काढलं की तुमची रेंज जाते. वडगाव शेरीत भर दुपारी रेंज जाते हे मी तुमच्याकडूनच ऐकलं. म्हणून म्हटलं टपाल बरं. पत्राला मध्येच 'हॅलो, ऐकू येत नाही' म्हणता येत नाही.

तर विषय इमर्जन्सीवाल्यांचा आहे. त्यांच्या संस्थेचं खरं नाव परदेशी आणि एवढं लांब आहे की पाटीवर तीन ओळी लागल्या. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ही मंडळी ऑक्सिजन घेऊन आली, आणि पुढे बंद पडलेल्या दूध संकलन केंद्राच्या खोलीत राहिली. एक डॉक्टर, एक सिल्व्हिया सिस्टर आणि एक गाडी, म्हणजे अँब्युलन्स. उसाच्या हंगामात आमच्या रस्त्यावर बिनदिव्यांच्या ट्रॉल्या कशा उभ्या असतात ते तुम्ही पाहिलंय, आणि उसात काय काय राहतं तेही (तुम्हाला जरा जास्तच ठाऊक आहे). इथून नगर गाठायचं म्हणजे (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तुम्ही पत्त्यावर अजून नगरच लिहिता) धडधाकट माणसाचाही जीव कंटाळतो, मग अडल्या-नडल्याचं काय सांगू! ती गाडी उभी दिसली की निम्मं गाव निर्धास्त झोपतं. आता परदेशातल्या त्यांच्या मोठ्या ऑफिसने विचारलं आहे की इतकी वर्षं तिथे बसून तुमचा काही उपयोग झाला का? झाला असेल तर राहा, नसेल तर गाडी दुसरीकडे हलवा, जगात गरजू कमी नाहीत. हे ठरवायला मुंबईहून मनवा मॅडम आल्या आहेत. त्या लिहितील ते कायम. गावाची ओळख करून द्यायला कोणी हवं, म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं, कारण मी निवृत्त शिक्षक आणि निम्म्या गावाने माझी छडी खाल्लेली. मलाही वाटलं, दोन दिवसांचं काम, दारोदार जायचं, लोक खरं ते सांगतील आणि गाडी राहील. दाजी, वयाच्या मानाने मी फारच भाबडा निघालो.

आमच्या गावाला एकच तपासणी माहीत आहे, ती म्हणजे पंचनामा. गारपिटीच्या साली तलाठ्याने आप्पासाहेबांना विचारलं, काय नुकसान? आप्पासाहेब पडले स्वाभिमानी. म्हणाले, देवाच्या दयेनं निभावलं. झालं, त्यांचं नाव गळलं, आणि ज्यांनी ऊर बडवून घेतला त्यांना भरपाई मिळाली. तेव्हापासून गावाने कानाला खडा लावला आहे की हातात कागद किंवा टॅब घेऊन कोणी आलं तर आपलं काहीही बरं चाललेलं नाही. मच्छिंद्र (तोच, सणाला तुम्हाला मोटारसायकलवर आणायला आला होता तो) या बाबतीत गावाचा वकील आहे. आम्ही पहिल्या घरी पोचायच्या आत त्याने अख्ख्या वाडीत निरोप फिरवला होता की सर्वे आलाय, कोणी 'फायदा झाला' हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

पहिलं घर रतनबाईचं. तिची सून रुपाली बाळंतपणात रक्त जाऊन पांढरीफटक पडली होती. सिल्व्हिया सिस्टरने गाडीत तिला नगरपर्यंत जिवंत नेलं. मायलेकी दोघी वाचल्या, रतनबाईने गावभर पेढे वाटले आणि नातीचं नाव, सोयरे-धायरे नको म्हणत असतानाही, सिल्व्हिया ठेवलं. वाडीतल्या माळकऱ्याच्या घरात सिल्व्हिया! आता मॅडमनी टॅब उघडून गोड आवाजात विचारलं, या सेवेचा तुमच्या कुटुंबाला काही उपयोग झाला का? रतनबाईने पदर तोंडाला लावला. म्हणे कसली गाडी न् कसलं काय, आमचं दुखनं आमच्यापाशी. तेवढ्यात आतून रुपाली चहा घेऊन आली, चांगली गुटगुटीत, कडेवर त्याहून गुटगुटीत पोर. मॅडमनी विचारलं, या कोण? रतनबाई डोळ्याची पापणी न लववता म्हणाली, "ही व्हय? ही पाव्हनी हाय, श्रीरामपूरची." रुपाली बिचारी कपबश्या धरून स्वतःच्याच घरात पाहुणी होऊन उभी. पोरगी 'आजे, आजे' करून रतनबाईकडे झेपावली, तेव्हा म्हातारी सवयीने बोलून गेली, 'ये गं शिल्वे'. मॅडमनी नावाची चौकशी केली, तर म्हणे कॅलेंडरात हुतं. मी जमिनीकडे बघत बसलो. दुसरं काय करणार?

मॅडमचा एक प्रश्न तर सगळ्यात खडतर. गाडी नसती तर काय झालं असतं? या एका प्रश्नावरच म्हणे सगळा अहवाल उभा राहतो. पण आमच्याकडे असल्या प्रश्नाला उत्तर देतात का? सांजेची वेळ, घरात दिवा लागलेला, आणि बाई विचारतात की नसती तर? छबूबाईने तर कानांवर हात ठेवले. "असलं अभद्र इचारू नगा, मॅडम. वास्तू तथास्तु म्हनती." मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं की ही वास्तू कोण आणि तिचीही मुलाखत घ्यायची का. मी समजावून सांगितलं की घर ऐकत असतं, वाईट बोललं की 'तसंच होवो' म्हणतं. त्यांनी तेही टिपून घेतलं. चार घरं झाली, दहा झाली, संध्याकाळी मॅडमच्या टॅबमध्ये एकच निष्कर्ष जमा झाला होता, तो म्हणजे उपयोग शून्य.

मी पेटलो. (आक्का म्हणते तसा, बाबांवर गेलो.) त्याच संध्याकाळी समाजमंदिरात सगळ्यांना गोळा केलं आणि वर्गात बोलायचो त्या आवाजात सांगितलं की मूर्खांनो, हा पंचनामा नाही, इथे रडून काही मिळणार नाही, उलट आहे ते जाईल. मच्छिंद्र शांतपणे म्हणाला, "सर, पंचनाम्याला आलेला मानूस कवा सांगतो का, मी पंचनाम्याला आलोय म्हनून?"  पण मी जागचा हललो नाही. बायबलवर हात ठेवून सांगितलं की तुम्ही 'उपयोग नाही' म्हणालात तर मार्चअखेर गाडी जाणार, मग पुढच्या बाळंतिणीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नगरला न्या. तेव्हा कुठे गावाच्या डोक्यात उजेड पडला. रतनबाई रडायलाच लागली, आणि हे रडणं खरं होतं. मला वाटलं जिंकलो. घरी येऊन पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम बाहेर पडतात तो काय, ओसरीसमोर रांग! गाडीमुळे वाचलेल्यांची. रतनबाईने रुपालीला तर आणलंच, शिवाय शेजारच्या दोन सुना आणल्या, त्याही वाचलेल्या. आप्पासाहेबांचा गेलेला कान परत आला होता (गाडीने त्यांना कधी हात लावलेला नाही, आणि कानही आलेला नाही, प्रश्न मलाच ओरडून सांगावे लागत होते). छबूबाईच्या लेकीचं लग्न गाडीमुळे जमलं. मच्छिंद्रची म्हैस गाडीमुळे उठून उभी राहिली, आणि त्याचा बाप, जो गाडी यायच्या कितीतरी आधी वारला, तो म्हणे गाडीमुळे समाधानाने मेला. मी डोळ्यांनी खुणा करत होतो, आवरा, आवरा. पण एकदा सैल सोडलेला हात आखडता घेणं आमच्या गावाला जमत नाही.

मनवा मॅडम पोरसवदा आहेत, पण कच्च्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी टॅब मिटला आणि मला सांगितलं, "सर, मला सगळं समजतंय. पण काल सगळे बुडालेले होते आणि आज सगळे तरलेले आहेत. यातलं काय लिहू?" मी म्हटलं, मी सांगतो ना खरं काय ते. तर म्हणाल्या, तुम्ही गावचे, आणि आता माझेही मदतनीस, तुमचं धरता येणार नाही. शनिवारी शेवटची खुली सभा आहे. तिथे असा एक जरी माणूस उभा राहिला की ज्याला ही गाडी राहिली काय नि गेली काय, काही फरक पडत नाही, जो या गावचा नाही, आणि जो स्वतःच्या तोंडाने स्वतःचं सांगेल, तर त्या ते लिहितील. तसं काही मिळालं नाही, तर जे हाती आहे तेच पाठवतील. बाई चांगल्या आहेत हो, हे सांगताना त्यांचाही चेहरा उतरला होता. पण त्यांचं काम त्यांना.

असं सगळं आहे. तुम्ही कसलीही काळजी करू नये. गाडी मी जाऊ देणार नाही, हे मी ठरवलेलं आहे, मग कोणाला राग आला तरी चालेल. तब्येतीला जपावं, थंडीत कानाला मफलर गुंडाळावा. आक्काला सलाम.

तुमचा आज्ञाधारक (आजपर्यंतचा),
कृपादान

ता. क. गावचा नसलेला, काही फरक न पडणारा माणूस कोण, याचा विचार करता करता मला तुमची आठवण झाली. हंगामाच्या सणाची ती सकाळ आठवा. न्याहारीला बसून तुम्ही माझ्या बायकोच्या धिरड्यांवर मत दिलंत आणि मग इमर्जन्सीवाल्यांवर दिलंत. ही परदेशी मंडळी फोटो काढायला येतात, मेलो तरी यांच्या गाडीत पाय ठेवणार नाही, असं म्हणालात. मग चर्चच्या देवळात उपासना झाली, लोकांनी अर्पण केलेल्या वस्तूंची बोली लागली, आणि तो तुरेबाज कोंबडा आमच्या पंचांच्या हाती जाऊ द्यायचा नाही म्हणून तुम्ही हट्टाने बोली चढवत नेलीत. कोंबडा मिळाला आणि हातातून सुटून देवळामागच्या उसात घुसला. नव्या सफारीत तुम्ही त्याच्या मागे. परत आलात ते रिकाम्या हाताने, घोट्याला धरून, काटा लागला म्हणत. मग पापण्या मिटायला लागल्या. आम्हाला आधी वाटलं, पाळकसाहेबांच्या उपदेशाचा परिणाम. सिल्व्हिया सिस्टरने एकदा बघितलं आणि धावत गाडी काढायला लावली. नाग होता दाजी, काटा नव्हता. तुम्ही शब्दाचे पक्के, गाडीत पाय ठेवला नाहीतच, आम्ही चौघांनी उचलून ठेवलं. घोडेगावच्या पुढे तुमचा श्वास थांबला. तिथून नगर येईपर्यंत ती पोरगी हाताने पिशवी दाबून तुमच्यात श्वास भरत होती, तिने हात थांबवला नाही. शुद्धीवर आल्यावर आधी तुम्ही दवाखान्यातल्या वरणाला नावं ठेवलीत आणि नंतर माझ्याकडून वचन घेतलंत की पुण्यात हे कोणाला सांगायचं नाही, काटा तो काटाच. आजवर मी पाळलं. शनिवारी मात्र तुम्ही यायचं आणि सभेत उभं राहून सांगायचं. लाज वाटली तर कोंबडा वगळा, नाग ठेवा.

ता. क. दुसरा. शुक्रवारी सकाळी शिवाजीनगरहून शिंगणापूरची एसटी धरा, खिडकीची जागा मिळते. मच्छिंद्र फाट्यावर मोटारसायकल घेऊन थांबेल. कोंबडा सापडला आहे. देवळाच्या आवारात फिरतो, पोरं त्याला दाजी म्हणतात, आणि त्याला कापायची कोणाची छाती होत नाही. परत जाताना हवा तर घेऊन जा.

ता. क. तिसरा, आक्कासाठी. आक्का, दाजींचं टपाल आधी तू फोडतेस हे मला ठाऊक आहे, म्हणूनच फोन न करता पत्र लिहिलं. आता बस, पाणी पी, ते समोर ठणठणीत आहेत. त्या दिवशी गाडीत, जीभ जड व्हायच्या आधी, त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मरियाला सांग, कालवण कधीच वाईट नव्हतं. मी उगाच बोलायचो." वचनात अडकल्यामुळे हा निरोप माझ्यापाशी राहिला. मॅडम विचारतात, गाडी नसती तर काय झालं असतं? आपण वास्तूबिस्तू मानत नाही, तरी लिहिताना हात अडतो. गाडी नसती तर हा निरोप घेऊन मला पुण्याला तुझ्या दारात उभं राहावं लागलं असतं. आज ते जेवायला बसतील आणि पहिल्या घासाला नाक मुरडतील. मुरडू दे. पोटभर वाढ, आणि शुक्रवारच्या एसटीत बसवून दे.