काठाखालचे ठोके

सोमवार, ११ नोव्हेंबर
अखेर नोकरी लागली, आणि पहिल्याच दिवशी काम मिळालं तेही डोंगराएवढं! केनाहून निघताना वाटलं होतं, सुवेझच्या कालव्याकाठी गाळ उपसायचा, दुसरं काय. पण काल वादळात एक मालवाहू जहाज वळलं आणि कालव्यात आडवं रुतून बसलं. नाक आमच्या काठात, शेपूट पलीकडच्या. मागे अडलेल्या जहाजांची रांग नजर पोचेल तिथवर. त्या नाकाखालची वाळू माझ्या पोकलेनने उकरायची. जहाजापुढे माझं पोकलेन म्हणजे बैलाच्या खुराशी मुंगी.

मुकादम रिफाई, सगळे त्याला अम्म, म्हणजे काका म्हणतात. मी दक्षिणेकडचा, सईदी, म्हणून त्याने यथेच्छ टिंगल केली. म्हणे, सईदीला खड्डा खण म्हटलं की माती ठेवायला तो आधी दुसरा खड्डा खणतो! मग स्वतःची भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. काठावर राहणारी एक म्हातारी आहे, गमालात नावाची, सगळ्यांची खाला म्हणजे मावशी; तिने गरम तळलेल्या ताअमिया, कडधान्याचे वडे, पाठवल्या. घरी बायकोला, सअदियाला फोन केला. जहाज दिसतं का, तिने विचारलं. म्हटलं, दुसरं काही दिसतच नाही.

मंगळवार, १२
दुपारी जेवायला इंजिन बंद केलं, तर जहाजाच्या लोखंडातून ठोके ऐकू आले. तीन. जरा थांबून पुन्हा तीन. अम्म रिफाई म्हणाला, उन्हाने पत्रा ताणतो रे, घाबरट. मी गमतीने पान्याने दोनदा ठोकलं.

दोन ठोके परत आले. त्याचा घास हातातच राहिला.

आमच्या इंजिनिअर नगीबने वायरलेसवर जहाजाला विचारलं. तेवीस खलाशी, तेवीसही डेकवर उभे. मी खालून मोजले. नाकातल्या टाकीत नुसतं पाणी, माणूस कुठून असणार, असं त्यांचं उत्तर. तेव्हा अम्म रिफाई ओरडला, किती जण आहात रे आत?

ठोके सुरू झाले. शंभराच्या पुढे मी मोजणं सोडलं. अस्रची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची बांग झाली तरी ते थांबले नव्हते.

बुधवार, १३
गमालात खाला आज स्वतः आली. म्हणाली, लोखंडाला कसले कान लावता, आवाज जहाजाचा नाहीच. कालवा खणायला गावोगावची माणसं दोरीला बांधून आणली होती, तुझ्या केनाचीसुद्धा. जो पडला, त्याच्यावर तिथेच माती. तिच्या आजीने तिला सांगितलेलं. जहाज काठात घुसलं आणि ती पुरलेली माणसं जागी झाली.

मी पालथा पडून वाळूला कान लावला. खाला खरं बोलते.

नगीबला सांगितलं. तो म्हणाला, सगळ्या जगाची नजर आपल्यावर आहे, खण.

गुरुवार, १४
अम्म रिफाई गेला.

अडकलेला दगड बघायला खड्ड्यात उतरला आणि कड ढासळली. आवाजसुद्धा झाला नाही. एक हात तेवढा वर राहिला होता. मी उडी मारून तो धरला. त्याने माझी बोटं घट्ट आवळली. मग खालून हिसका बसला. वाळू अशी ओढत नाही. विहिरीतून बादली ओढावी तसं कोणीतरी — एक हिसका, मग दुसरा. हात सुटला.

दिवस मावळेपर्यंत खणलं. तीन पुरुष खोल. टोपीसुद्धा सापडली नाही.

ठोके मात्र येताहेत.

शुक्रवार, १५
त्यांच्यात एक ठोका नवा आहे. घाईघाईचा. बाकीचे संथ आहेत, हा नाही. तो जिवंत आहे. नगीबनेही ऐकला, आणि रडला. मग डोळे पुसून म्हणाला, दुपारी मोठी भरती आहे, जहाज ओढायचा हुकूम आहे. जहाज निघालं की कालव्याचं पाणी खड्ड्यात शिरणार. मी खड्ड्यात बसून राहिलो. चौघांनी उचलून बाहेर आणलं —

जहाज हललं. सगळ्यांनी भोंगे वाजवले. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, कोणी मलाही मिठी मारली. पाणी खड्ड्यात उतरत होतं. भोंग्यांत काही ऐकूच येईना —

शनिवार, १६
जहाजं चालली आहेत, एकामागून एक. बातम्यांत सांगितलं, जीवितहानी नाही.

पोकलेन घेऊन आलो. कोणी अडवलं नाही. बुडालेल्या खड्ड्याच्या मागच्या बाजूने खणतो आहे. घाईचा ठोका अजून —

पट्टे रुतले. वाळू दारापर्यंत. दार उघडत नाही. फोन लागत नाही.

जहाजावरून एक खलाशी बघतोय. मी दोन्ही हात हलवले. त्यानेही हसून हात हलवला. गेला.

काचेबाहेर वाळू खांद्यापर्यंत चढली. वही गुडघ्यावर. उजेड पिवळा —

पायाखालच्या पत्र्यावर ठोका. अगदी टाचेखाली. मी विचारलं, अम्म रिफाई, तू आहेस का?

एकच ठोका.

मग बाकीच्यांनी —