चष्मा पुसायचं फडकं

पिंपरी,
९ एप्रिल १९७६

चि. मुरारी यास सोपानदाजीचे आशीर्वाद.

आम्ही इकडे मजेत आहोत. पाडवा गोड झाला. निघोजला कांदा काढून झाला असेल. सासूबाईंची कंबर कशी आहे ते कळव. रतन ठणठणीत आहे आणि तुझी बहीण शोभेल इतकी फटकळ.

तिने मला संक्रांतीला एक नवी वस्तू शिवून दिली आहे. तुमच्या आबांच्या जुन्या धोतराचं मऊ फडकं, आणि ते ठेवायला काडेपेटीएवढी पिशवी. पिशवीला काज आहे, ती खिशाच्या गुंडीला अडकते. कंपनीत सगळे हसले. "सोपानराव, ताईत बांधला व्हय?" असं धोंडीबानं विचारलं. आता हसणाऱ्यांतले चौघे आपापल्या बायकांकडून तसंच शिवून घेऊन आलेत. मला भारी मजा वाटते.

आधी मी चष्मा कशानं पुसायचो ते तुला ठाऊक आहे. मशीन पुसायच्या वेस्टनं! सुताचा तो गुंता हाताला लागेल तसा उचलायचा आणि काचेवरचं तेल टिपायचं. त्यात लोखंडाचा कीस असतो, हे बारा वर्षं लोखंडात काढलेल्या माणसाला सुचू नये.

आता मुद्द्याचं लिहितो. तीन कागद फाडून झालेत.

संक्रांतीच्या आठवड्यात नव्या फडक्यानं काच लख्ख पुसली आणि घासून आलेली एक लोखंडी पिन तपासायला हातात घेतली. तिच्यावर भुरकट रेघ दिसली. पिन फिरवली, रेघ जागची हलली नाही. चष्मा काढून पिन डोळ्यांजवळ धरली, तर ती स्वच्छ. रेघ माझ्या काचेवर होती.

दिवाळीनंतर तू घासलेल्या चाळीस पिना मी अशीच रेघ दिसते म्हणून नापास केल्या. चारचौघांत म्हणालो, "तुझ्या हातात कसब न्हाई, जा, बैलं हाक." दुसरा कुणी असता तर माझ्याशी भांडून माल दुसऱ्याकडून तपासून घेतला असता. बाकीचे तेच करायचे. तू मात्र दाजी म्हणून मान खाली घातलीस आणि गावाला निघून गेलास.

त्या पिना अजून नापास मालाच्या पेटीत होत्या. काच बदलून मी पुन्हा पाहिल्या. छत्तीस चोख आहेत.

हे कळून तीन महिने झाले आणि मी गप्प बसलो. सोपानरावाची नजर चुकते असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी. फार शरम वाटते, मुरारी.

परवा रतनला सांगितलं. भाकरी थापायची थांबली ती. "मला कशाला सांगता? त्याला सांगा. अन् ज्यांच्याम्होरं बोलला, त्यांनाबी."

काल पाळी सुटताना सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं. कुणी हसलं नाही. फोरमन रंगरावांनी पिना स्वतः पाहिल्या. म्हणाले, "मेहुण्याला बोलवा, जागा हाय."

यायचं की नाही ते तू ठरव. शेती करावीशी वाटत असेल तर खुशाल कर, पण हातात कसब नाही म्हणून करू नकोस.

तुझ्या चोख हाताला नावं ठेवणारा,
सोपान