ठकीसाठी दिलेला शब्द

मुलुंड (पूर्व)
ऑक्टोबर १९८६

प्रिय नंदू,

आशीर्वाद आहेतच. तुझं पत्र मिळालं. मस्कतचा उन्हाळा आता जरा उतरला म्हणतोस, बरं झालं. माझी तब्येत ठीक आहे. भात-आमटी जमते, पोळ्या शेजारच्या सुंदराबाई पाठवतात. तू शेवटी नेहमीप्रमाणे विचारलं आहेस, ठकी कशी आहे. त्याचं उत्तर एका ओळीत लिहिता येईना.

गणपती उठल्यापासून तिचं खाणं कमी झालं. मला आधी वाटलं, मासळी शिळी असेल. सुंदराबाईंनी ताजी मांदेली आणून दिली, तर वास घेऊन तोंड फिरवलं. पाणी मात्र सारखं पिते. बादलीच्या काठावर पुढचे पाय ठेवून पिते, आणि पिऊन झालं तरी तिथेच उभी राहते, कशाला आले ते विसरल्यासारखी. तुझ्या आईच्या खाटेवर तिला आता चढता येत नाही. मी उचलून ठेवतो. हाताला नुसती हाडं लागतात.

बाजाराच्या पिशवीत घालून तिला स्टेशनजवळच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण आहेत, पण हात हलका आहे. म्हणाले, मूत्रपिंडं कामातून गेली, वय झालं. कातडीखाली सलाईन कसं द्यायचं ते त्यांनी मला शिकवलं. आईच्या जुन्या पातळात गुंडाळून तिला गुडघ्यांत धरतो आणि सुई टोचतो. काही दिवस फरक पडला, मग तोही थांबला. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "काका, मांजर कण्हत नाही म्हणून दुखत नाही असं समजू नका. दुखलं की ती कोपरा धरते." मग त्यांनी इंजेक्शनचं सुचवलं, कायमचं झोपवायचं. मी पिशवी उचलून घरी आलो. ठकी पिशवीतून उतरली ती सरळ मोरीच्या कोपऱ्यात गेली.

सुंदराबाईंना सांगावं लागलं नाही, त्यांनी ओळखलं. दारातूनच म्हणाल्या, "अण्णानु, असला काय करू नकात हां. मांजराक मारल्याचा पाप काशीक गेलात तरी फिटाचा नाय." आणि दुसऱ्या दिवशी पोळ्या द्यायला आल्या, तर मोरीत डोकावून तोंडाला पदर लावला. "हिचे हाल बघवणत नाय ओ," म्हणाल्या आणि डबा विसरून निघून गेल्या.

पापाची मला फार भीती वाटत नाही. माझं अडलं होतं ते तुझ्या आईच्या दहाव्याच्या दिवशी घाटावर जे झालं त्यावर. आपण त्यानंतर कधी बोललो नाही, पण तुलाही आठवत असेल. पिंड मांडलेले, कावळा बदामाच्या झाडावर, आणि खाली यायचं नाव नाही. भाऊकाका हात जोडून म्हणाला, वहिनी, नंदूचं लग्न आम्ही थाटात करू. कावळ्याने मान वळवली. मग म्हणाला, अण्णाला एकटं टाकणार नाही. तरी नाही. गुरुजी घड्याळ बघून दर्भाचा कावळा करायला लागले. तेव्हा तू ओल्या पंच्यानिशी पुढे झालास आणि हळूच म्हणालास, "आई, ठकीला काही होऊ देणार नाही." आणि तो उतरला. भाऊ परतताना म्हणाला, "वहिनी बाकी वहिनीच. मुलाच्या लग्नापेक्षा मांजर मोठी!" त्या दिवशी आपण तिघे पहिल्यांदा हसलो.

महिन्याभराने तू मस्कतला गेलास, आणि तो शब्द सांभाळायला घरात मी राहिलो. गेले कित्येक दिवस मी सुई टोचताना तेच वाक्य ऐकतो आहे.

ठकी आता अंग चाटत नाही. पोटाखालचे केस चिकटून गेलेत. मी कोमट पाण्याच्या फडक्याने पुसतो, पण तिला ते लागतं. तुझी आई तिला काय म्हणायची आठवतं ना? "आमच्या घरातली एकटीच टापटिपीची." तिने ठकीला अशा अवस्थेत एक दिवससुद्धा राहू दिलं नसतं, असं मला वाटतं. खात्री कोणाकडे मागू? तरी काल डॉक्टरांना घरी बोलावून आलो. पण आज सकाळी ठकीने चमचाभर दूध चाटलं आणि माझा निश्चय पार ढासळला. डॉक्टरांना येऊ नका सांगायला मी चपला घातल्या होत्या. तेवढ्यात तिने ते सगळं ओकलं, आणि तिथेच, त्यातच, डोकं टेकून पडून राहिली. मी चपला काढल्या.

डॉक्टर उद्या सकाळी घरी येणार आहेत. हे पत्र तुला मिळेपर्यंत सगळं उरकलेलं असेल, तेव्हा मी तुला विचारत नाही. पण शब्द तू दिलेला, आणि मोडला तर तुझा मोडणार, तोही तू इतक्या लांब असताना. ते मला नको होतं. म्हणून दुपारी मी दहीभात घेऊन गच्चीवर गेलो. तुझ्या आईच्या हयातीत मी तिला कधी नावाने हाक मारली नाही. आज मारली. म्हणालो, वनमाला, नंदूचा शब्द आजपासून माझ्याकडे. उद्याचा जाब मला विचार. नंदू, तुला हे कळावं एवढ्यासाठीच लिहिलं. सुटीवर येशील आणि ठकी दारात येणार नाही, तेव्हा स्वतःला काही लावून घेऊ नकोस. गच्चीवर मी भात ठेवला तेव्हा पाण्याच्या टाकीवर एक कावळा बसलेला होता. तो भाताला शिवला की नाही ते बघायला मी थांबलो नाही. खाली ठकी एकटी होती.

तुझाच,
अण्णा