दहाच्या गठ्ठ्यावरची काडी

भोसरी, ता. हवेली,
सोमवार, ९ डिसेंबर १९५७

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाचा ज्योतीराम याचा साष्टांग दंडवत. (कागदावरचा आहे तो गोड मानून घ्यावा. समोर असतो तर आधी भांडलो असतो, दंडवत मागाहून.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला आटोक्यात आला का? माझी प्रकृती विचाराल तर ताप नाही, सर्दी नाही, नुसता संताप आहे. शुक्रवारपासून जेवण गोड लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी कराडात तुमच्या दुकानातून मी उठलो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "जा, जा, मास्तर हो. शेवटी येशील माझीच तागडी धरायला." आणि शेंबड्या पोरांना बेरीज शिकवायला अक्कल लागत नाही, असंही वर ऐकवलंत. मामा, एकदा इथं या. मारुतीच्या देवळात आमचा वर्ग भरतो. तिथं तेवीस पोरांपुढं बसा आणि त्यांना आठ नि सात किती हे शिकवून दाखवा. मी तुमची तागडी डोक्यावर घेऊन गावभर नाचेन.

चार नि तीन सात, हे कुणालाही येतं. खरी गोम दहाच्या पुढं आहे. बोटं संपतात आणि हातचा सुरू होतो. म्हणून मी पदरच्या पैशानं सुतळी आणली, तुरीच्या काड्या छाटल्या आणि पोरांना दाखवलं की दहा काड्या झाल्या की गठ्ठा बांधायचा, तो दहंच्या घरात ठेवायचा, उरलेल्या एकंच्या घरात. इतकं सोपं. (ट्रेनिंगमध्ये या पाठाला माझा नंबर आला होता, पण ते असो.) पोरांनी पंधरा काड्या बिनचूक मोजल्या, गठ्ठा बांधला, उरलेल्या मांडल्या आणि तेवीसच्या तेवीस तोंडांनी सांगितलं, चौदा!

मला वाटलं, एकमेकांचं बघून सांगतायत. लांब लांब बसवलं. नऊ नि आठ? सोळा. सहा नि पाच? दहा. पाच नि पाच विचारलं तर म्हणतात, गठ्ठा होत न्हाई गुरुजी, एक कमी हाय. मी ओरडलो, पाय आपटले, छडी खांबावर मारून तिचे दोन तुकडे केले. शेवटी एकाचा गठ्ठा सोडून पाहिला तर आत अकरा काड्या. दुसऱ्याचा सोडला, अकरा. सगळ्यांचे अकरा!

याचं मूळ गावातच निघालं. भोसरीची मेथी पुण्याच्या मंडईत जाते. शेतात जुड्या मोजताना दहा झाल्या की त्यावर एक जुडी वर घालायची, आणि एवढं सगळं मिळून 'दहा' म्हणायचं. पोरं रांगायला लागल्यापासून हेच बघतायत. मी तणतणत शाळा कमिटीचे सोपानराव यांच्याकडं गेलो, तर ते मलाच हसले. म्हणाले, "आवो गुरुजी, कोरडं धा कुणी देतं व्हय? चांगलं दिसतं का ते?" वर चहा पाजला आणि दहा जुड्या मेथी बांधून दिली. खोलीवर येऊन मोजली. अकरा होत्या. चार दिवस मेथीच खात होतो, आणि प्रत्येक घासाला चिडत होतो. आपण हिशेबाची माणसं, मामा. तुमच्या तागडीत साखरेचा एक दाणा वर गेला तरी तुम्ही तो चिमटीनं उचलून परत पोत्यात टाकता. तुमच्या भाच्यानं हे कसं सोसावं?

तरी मी हटलो नाही. महिनाभर घसा फोडून घोकून घेतलं की शाळेतला गठ्ठा दहाचाच. आणि पोरं शिकली हो! आठ नि सात पंधरा, नऊ नि आठ सतरा, झोपेतून उठवलं तरी सांगायची. एवढा आटापिटा केला, कारण शुक्रवारी तपासणी होती, आणि ती नीट पार पडली असती तर मी नोकरीत कायम झालो असतो. पुन्हा म्हणून तुमच्या दुकानाची पायरी चढावी लागली नसती.

शाळा तपासणारे दिपोटीसाहेब आले. टोपी काढून बसले, हसलेसुद्धा. सोपानरावांच्या नातीला, अंबूला, आठ नि सात विचारलं. ही वर्गातली सगळ्यात हुशार. तिनं माझ्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, शांतपणे गठ्ठा बांधला आणि म्हणाली, चौदा. मग बाकीच्या बावीस जणांनीही चौदा. साहेबांनी गठ्ठा सोडला, अकरा काड्या एकेक करून चटईवर मांडल्या आणि शेरेबुकात लिहिलं, "दहा म्हणजे किती, हे शिक्षकाने प्रथम स्वतः निश्चित करावे. तीन महिन्यांनी फेरतपासणी." पोरांना काही नाही. शिक्षकाने!

साहेबांची पाठ वळल्यावर मी असा भडकलो की पारावरची माणसं उठून बघायला आली. कार्ट्यांनो, महिनाभर बरोबर सांगत होतात, आजच काय धाड भरली होती? सगळी खाली मान घालून बसली. अंबू तेवढी उठली. "गुरुजी, तुमी घरचे. तुमाला कोरडं धा चालतंय. सायब पाव्हणे. पाव्हण्याला कोरडं कसं द्यायचं?" आणि मग डोळ्यांत पाणी आणून मलाच विचारते, "सायबांनी गठ्ठा सोडून मोजला. दिल्यालं कुणी मोजून घेतं व्हय?"

मामा, हा प्रश्न घेऊनच मी खोलीवर आलो. सगळ्यात जास्त राग त्याचाच आलाय.

तेव्हा झालं एवढं पुरे. राजीनामा लिहून ठेवला आहे. रविवारी निघतो. तागडी पुसून ठेवा, आणि आल्या आल्या "मी म्हणालो नव्हतो" असं म्हणू नका, एवढीच विनंती.

तुमचा हरलेला भाचा,
ज्योतीराम

ता. क. पत्र सकाळी टाकायचं राहिलं. शाळेत जाताना सहज जादा काड्यांचा एक डबा बरोबर नेला. पोरांना सांगितलं, गठ्ठा दहाचाच बांधायचा, त्यावरची काडी गुरुजींच्या डब्यातून, ती मोजायची नाही. पाव्हण्यासाठीसुद्धा वरची मीच देणार. पोरांचे चेहरे काय खुलले! आठ नि सात, तेवीस जण, पंधरा. राजीनामा फाडला आहे. माझी वाट पाहू नये. संध्याकाळी काड्या छाटायच्या आहेत.

आणखी एक. पत्राचं आता खरं कारण हे की वर्गात दहा जणांना पाटी नाही, धुळीत बोटानं लिहितात. तुमच्या दुकानात पाट्यांची चळत आहे. फेरतपासणीच्या आत दहा पाट्या पाठवाव्यात.

आणि शेवटचं. दहा नकोत, अकरा पाठवा. माझे मामा कराडचे मोठे दुकानदार, ते दहा पाट्या पाठवणार, असं मी वर्गात बोलून बसलो. अंबूनं लगेच विचारलं, आणि वरची? मी म्हणालो, म्हणजे काय, माझे मामा आहेत ते! उभ्या जन्मात तुम्ही कुणाला वर काही दिलेलं नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण तेवढं या तेवीस जणांना कळू देऊ नका.